घोडतळ्यातली बोटुकली

मासळी बाजारात बजाबाई आपल्या ओट्यावर येऊन बसली की शेजारच्या बायका न सांगता सरकून घेत. अंगानं ती थोराड होतीच, आवाजानं त्याहून थोराड. गिऱ्हाइकानं शंका घेतली तर ती चिडत नसे. स्वतःच माशाचा कल्ला उघडून धरी आणि म्हणे, "बगा की, लाल हाय का न्हाय? खानार तुमी, मी न्हाय." शिळा मासा तिनं कधी विकलाच नाही असं म्हणता येणार नाही, बाजारात बसणाऱ्या कुणालाच ते जमत नाही. पण तसं घडलं की तिला चैन पडत नसे. पुढं कधी तेच गिऱ्हाईक दिसलं की हाक मारून त्याच्या पिशवीत मूठभर चिंगळ्या टाकी, आणि का टाकल्या ते मात्र सांगत नसे.

तिचा नवरा महिपती तिच्या अगदी उलट. शिडशिडीत, बोलायला गोड आणि सातवीपर्यंत शाळा शिकलेला. सोलापूरच्या भोई गल्लीतल्या लोकांनी मच्छीमारांची सहकारी संस्था काढली तेव्हा चेअरमन कोण व्हायचं यावर फारशी चर्चाच झाली नाही. कचेरीत जाऊन साहेबाशी बोलणारा दुसरा होता कोण? शहराबाहेरच्या घोडतळ्याचा ठेका संस्थेकडे होता. जुना, दगडी बांधाचा तलाव. सीना नदी आणि हे तळं, या दोहोंवर गल्लीतली घरं चालायची.

बहात्तरच्या दुष्काळात तळं आटलं. आधी चिखल झाला, मग चिखलाला भेगा पडल्या. शेवटचे मासे लोकांनी हातानं वेचले. पाण्यावर जगणारी माणसं खडी फोडायला गेली. बजाबाईही गेली, तिच्या डाव्या अंगठ्याचं नख तिथं गेलं ते पुन्हा सरळ आलं नाही. पुढं पाऊस झाला, तळं भरलं, बायकांनी पाण्याची ओटी भरली. पण जाळं टाकावं तर नुसतं शेवाळ वर यायचं. पाणी आलं होतं, मासा आला नव्हता.

"आता मासं पाळायचं," महिपती संस्थेच्या बैठकीत म्हणाला.

गल्लीतला सगळ्यात जुना जाळेवाला कोंडीबा हसला. "पाळाया ती काय शेरडं हायत? नदी देती, आपुन धरतो. बापजाद्यापास्नं ह्येच चालत आलंय."

"नदीनं दिलं न्हाय म्हनून तर खडी फोडाया गेलो न्हवं?"

कोंडीबानं मान डोलावली नाही. हे कधी फसतंय याची तो तेव्हापासून वाटच बघत होता म्हणायचं.

मत्स्य खात्याचे शेटे साहेब संस्थेच्या पाठीशी होते. तरुण माणूस, सायकलवरून फिरायचा, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः पाण्यात उतरायचा. त्यांच्या सांगण्यावरून घोडतळ्याच्या बांधाखाली दोन लहान तळी खोदली. सरकारी केंद्रातून माशांचं जिरं आणायचं ठरलं. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांना जिरं म्हणायचं, आणि ती दिसतातही तशीच. महिना-सव्वा महिना नीट जपली की बोटाएवढी होतात. मग ती बोटुकली. निम्मी घोडतळ्यात सोडायची, निम्मी दुसऱ्या गावांच्या तळ्यांसाठी द्यायची. जपायचं कुणी? पुरुष तर जाळी घेऊन नदीवर. महिपतीनं बायकोकडं बघितलं.

"मला काय कळतंय त्यातलं?" बजाबाई म्हणाली.

"कुनाला कळतंय? साहेब सांगतील तसं करायचं."

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात जिरं आलं. हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांत पाणी, आणि पाण्यात नुसते काळे ठिपके. बजाबाईनं पिशवी उजेडात धरली. ठिपके म्हणजे डोळे होते. बाकी अंग काचेसारखं, आरपार दिसणारं. तिनं सगळं आयुष्य माशांत काढलं होतं, पण तिच्या हातात मासा यायचा तो मेलेला, फार तर मरू घातलेला. जगायला निघालेला मासा ती पहिल्यांदा बघत होती. पिशवी पाण्यात तशीच तरंगत ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं झालं की मगच तोंड सोडायचं, असं साहेबांनी सांगितलं होतं. तेवढा वेळ ती गुडघाभर पाण्यात ओणवी उभी राहिली. पाठ मोडून आली तरी हलली नाही.

अडचण पहिल्याच दिवशी आली. दोन तळ्यांपैकी एक गळायला लागलं. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी घोट्याला आलं. शेटे साहेब दौऱ्यावर होते. महिपती म्हणाला, "समदं जिरं एकाच तळ्यात सोडू. बांध वाळला की लिंपून घेऊ, मग निम्मी हलवू." बजाबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. एवढ्याएवढ्या जिवांना जागा ती किती लागणार? पण पाऊस थांबेना, बांध वाळेना, आणि दुसरं तळं लिंपायचं राहिलं ते राहिलंच.

पिलं मोठी व्हायला लागली तसा बजाबाईचा बाजार मागं पडला. सकाळी ती शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा बारीक कुटून न्यायची आणि काठाकाठानं शिंपडायची. हळूहळू पिलांना तिच्या पावलांची चाहूल कळायला लागली. ती काठावर आली की पाणी खालून उकळल्यासारखं व्हायचं, शेकडो तोंडं वर यायची. ते बघून तिचा हात सैल सुटायचा. साहेबांनी सांगितलेल्या मापावर ती आणखी एक ओंजळ टाकायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "बजाबाईला म्हातारपनी लेकरं झाली." ती शिव्या द्यायची आणि हसायचीही.

याच सुमारास दुधनीकडचा संगप्पा तळं बघायला आला. तिकडच्या एका वाडीचा कोळी. उंच, काळा, मराठी बोलताना मधूनच कानडीत शिरणारा. दुष्काळात त्यांच्या वाडीनं सरकारी कामावर एक पाझर तलाव खोदला होता. त्यात आता पाणी होतं, आणि ओढ्यातनं आपोआप आलेली थोडी मरळ आणि चिंगळ्या होत्या. वाडी त्याच्यावर कसंबसं भागवत होती. त्याला रोहू-कटला सोडायचा होता. महिपतीनं त्याला शब्द दिला. गौरी-गणपतीच्या आधी येऊन बोटुकली घेऊन जायची.

"अक्का, चांगली बघून देशील न्हवं?" संगप्पानं बजाबाईला विचारलं.

"माज्या हातची हायत," ती म्हणाली.

मग आभाळ धरलं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं दडपलेलं कोंदट आभाळ. पाण्यावर हिरवट साय आली. एका सकाळी बजाबाई काठावर उभी राहिली, पेंड टाकली, आणि पाणी उकळलं नाही. काही पिलं वर आली, बाकीची काठाच्या गवताशी सुस्त पडून होती. एक तिनं ओंजळीत घेतलं. शेपटीची कड पांढरी पडली होती, जणू कुणी चुन्यात बुडवली. दुसऱ्याची शेपटी अर्धी झडलेली. तिसऱ्याच्या पोटाला लाल डाग.

तिला पहिल्यांदा वाटलं, नजर लागली. तिनं तळ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. दुसऱ्या दिवशी मेलेली पिलं काठाला लागली. तिनं ती चाळणीनं काढली आणि कुणाला दिसू नयेत म्हणून पदराखाली झाकून लांब नेऊन पुरली.

निरोप मिळाल्यावर शेटे साहेब आले. विजार दुमडून पाण्यात उतरले, पिलू तळहातावर घेऊन भिंगातून बराच वेळ बघत राहिले.

"बाई, हा जंतूंचा रोग आहे. शेपटी आणि पोहायचे पर कुजतात. पुढं पोटात पाणी होतं."

"जंतू आलं कुटनं? मी तर ह्यात कुनाचा पाय पडू दिला न्हाय."

"यावे लागत नाहीत. ते पाण्यात असतातच. पिलं धडधाकट असली की काही करत नाहीत. पण इथं दाटी किती आहे बघा. दोन तळ्यांची पिलं एकात. वर पेंड खाली बसून कुजलीय." त्यांनी तळातला चिखल हातात घेऊन तिच्यापुढं धरला. त्याला आंबूस वास येत होता. "दाटीत अंगाला अंग घासतं, जखम होते, जंतूला वाट मिळते."

बजाबाई त्या चिखलाकडं बघत राहिली. जास्तीची ओंजळ कुणी टाकली हे साहेबांनी विचारलं नाही. तिनं सांगितलंही नाही.

साहेबांनी उपाय सांगितले. पेंड बंद. पाणी थोडं थोडं बदलायचं. मोरचुदाचं पातळ पाणी करून पिलं जाळीत घेऊन त्यात क्षणभर बुडवायची. इथलं जाळं, इथली बादली दुसरीकडं न्यायची नाही. इथलं पाणी घोडतळ्यात जाऊ द्यायचं नाही. त्यांनी काही पिलं बाटलीत घातली, पुण्याला तपासायला पाठवतो म्हणाले. जाताना त्यांनी ब्लीचिंग पावडरचं एक पोतं झोपडीत ठेवलं.

"हे कशाला?" बजाबाईनं विचारलं.

"रोग आटोक्यात आला नाही तर सगळं तळं मारावं लागेल. पाणी काढून, चुना टाकून, उन्हात वाळवावं लागेल. ही वेळ येऊ नये. पण एक लक्षात ठेवा, इथलं एकही पिलू बाहेर जाता कामा नये. जी चांगली दिसतात तीही नाही. दिसायला चांगलं असलं तरी अंगावर जंतू असतो."

मोरचुदाच्या पाण्यानं बजाबाईचे हात निळसर झाले, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. रोज सकाळी ती पिलं बुडवायची, रोज मेलेली वेचायची. घरी आली की तिला जेवण जाईना. गल्लीत कुणाच्या चुलीवर कालवण शिजत असलं की ती दार लावून घ्यायची. चार दिवस मर कमी झाल्यासारखी वाटली. महिपतीनं मारुतीला नारळ फोडला. मग पोटं फुगलेली पिलं दिसायला लागली. खवले उभे राहिलेले, डोळे बाहेर आलेले. ती उलटी व्हायची, पुन्हा सुलटी व्हायला धडपडायची.

संगप्पाच्या येण्याच्या आदल्या दिवशी महिपतीनं आपल्या हातानं पिलं निवडली. ज्यांच्या शेपट्या शाबूत होत्या, पोटं सपाट होती, ती त्यानं तळ्याच्या कोपऱ्यात कापडी पिंजऱ्यात वेगळी केली. संध्याकाळी घरी दोघंच होती. थोरला पोरगा अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मागावर कामाला गेला होता.

"उद्या ती देऊन टाकू," महिपती म्हणाला.

"साहेब काय बोललं ध्येनात हाय न्हवं?"

"साहेबाला पगार हाय. मला गल्लीत ऱ्हायाचं हाय. कोंडीबा दारात उभा ऱ्हाऊन रोज इचारतोय, तुजी शेरडं कशी हायत म्हनून." तो जरा थांबला. "आन मी काय इख देतोय का? बगून बगून चांगली काढल्यात. त्येंच्याकडं मोकळं पानी हाय. दाटी सुटली की बरी हुतील. साहेबच म्हनलं न्हवं, दाटीनं झालं?"

बजाबाईला ते खोटं वाटलं नाही. हीच तर पंचाईत होती. मोकळ्या पाण्यात बरी होतीलही. ती सगळी मरण्यापेक्षा थोडी जगली तर काय वाईट? आणि तळं मारायचं म्हणजे मारायचं कुणी? तिनंच. ती काही बोलली नाही. महिपतीला वाटलं तिनं होकार दिला. खरं म्हणजे तिलाही तसंच वाटत होतं.

सकाळच्या पॅसेंजरनं संगप्पा आला. बरोबर दोन गडी, पत्र्याचे डबे आणि त्याची आई ईरम्मा. स्टेशनवरून टांगा करून ते थेट तळ्यावर आले. म्हातारीला कशाला आणलं म्हणून महिपतीनं विचारलं, तर संगप्पा म्हणाला, "डब्यातलं पाणी हातानं हालवत बसायला लागतंय की गाडीत. न्हाईतर पिलं गुदमरत्यात. अव्वाएवढा धीर कुनाला?"

पुरुष पिंजऱ्याकडं गेले. बजाबाईनं झोपडीत चहा टाकला. ईरम्मा दाराशी उकिडवी बसली. चेहरा सुकलेल्या खारकेसारखा, पण डोळे हसरे.

"तंगी," धाकट्या बहिणीला मारावी तशी कानडी हाक मारून तिनं विचारलं, "तुजे हात का असे निळे?"

"औषिदानं."

"कसलं औषद?"

बजाबाईनं चहा गाळला. म्हातारीनं पुन्हा विचारलं नाही, ती आपल्या तळ्याबद्दल सांगू लागली. वाडीतल्या प्रत्येक बाईनं तिथं माती वाहिली होती. तिची सून बाळंतपणाच्या आधी आठ दिवसांपर्यंत पाटी उचलत होती. तळ्यात पहिलं पाणी आलं तेव्हा बायका काठावर बसून नुसत्या बघत राहिल्या. "आता मरळ हाय थोडी. पोरं गळ टाकत्यात, रात्री भाकरीवर कायतरी असतंय. तुजी पिलं आली की आणि बरं हुईल. वाडीत आज कुनी गळ टाकला न्हाय. नवे पावने यायचेत म्हनून."

बजाबाईनं कपबशी खाली ठेवली. आतापर्यंत तिच्या मनात हीच पिलं होती. ती जगतील की मरतील एवढंच. त्या तळ्यात आधीच कुणी राहतंय हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

ती उठून बाहेर गेली. गड्यांनी डबे भरत आणले होते. संगप्पा खुशीत होता, महिपती त्याला गाडीत पाणी कुठं बदलायचं ते समजावत होता.

"ही न्हेऊ नगा," बजाबाई म्हणाली.

महिपतीनं तिच्याकडं बघितलं. "बजे, तू आत जा."

"ह्यास्नी रोग हाय." तिनं पिंजऱ्याबाहेर तळ्यात हात घालून गवताजवळचं एक पिलू काढलं आणि संगप्पापुढं धरलं. शेपटी नव्हतीच, नुसतं बुडखं. "ह्ये बग. डब्यातली चांगली दिसत्यात, पन ह्याच पान्यातली हायत. तुमच्या तळ्यात सोडशीला तर तुमची मरळबी जाईल."

संगप्पा क्षणभर तिच्या तळहाताकडं बघत राहिला. मग डब्यात वाकून बघितलं. डब्यातली पिलं सरसर पोहत होती.

"ह्यास्नी कुटं काय झालंय?" तो म्हणाला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "आता कळलं. दुसरं कोन गिऱ्हाईक आलंय न्हवं? जास्ती देनारं? म्हनून ही नाटकं?"

"न्हाय रं बाबा, देवाशपथ..."

"चेअरमन, तुमी सांगा. रोग हाय का न्हाय?"

सगळ्यांनी महिपतीकडं बघितलं. तो बांधावर उभा होता, गळ्यातला पंचा दोन्ही हातांनी धरून. हो म्हणावं तर आत्तापर्यंत केलं ते काय होतं? नाही म्हणावं तर बायको समोर उभी. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "थोडी मर झालती. ही चांगली हायत."

"झालं मंग," संगप्पा म्हणाला. "उचला रं डबे."

बजाबाई झोपडीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या कडेवर ते पोतं होतं. ती काय करतेय हे कुणाच्या ध्यानात येण्याआधी तिनं ओंजळीनं पावडर काढून डब्यांत टाकली, एकेक करून सगळ्या डब्यांत. संगप्पा ओरडत धावला, त्यानं तिचा दंड धरला, पण बाई थोराड होती. त्याच्या हाताला हिसका देऊन ती पाण्यात उतरली आणि पोतं उलटं करून तळ्यात ओतत चालली. पांढरी भुकटी पाण्यावर पसरली. नाकाडोळ्यांत झोंबणारा वास उठला. तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी ती हातानं पाणी ढवळत राहिली.

पिलं वर आली. सगळी एकदम वर आली, जशी पेंडीसाठी यायची तशी.

ईरम्मा कानडीत काहीतरी पुटपुटली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. संगप्पानं डबे लाथेनं उलटे केले. जाताना तो महिपतीला म्हणाला, "तुमच्या घरात चेअरमन कोन हाय ते तरी आदी ठरवा." टांगा निघून गेला. महिपती बांधावरून उतरला आणि बायकोकडं न बघता शहराच्या दिशेनं चालू लागला. बजाबाई तिथंच थांबली. साहेबांनी सांगितलेलं पुढचं काम राहिलं होतं. तिनं एकटीनं मेलेली पिलं गोळा केली, खड्डा केला, चुना टाकला.

भोई गल्लीत त्या दिवसापासून तिचं नाव पडलं. बजाबाईनं तळं मारलं. संस्थेची बैठक झाली, महिपतीनं चेअरमनपद सोडलं, कोंडीबा त्या जागेवर बसला. बांधाखालची दोन्ही तळी बुजवून टाकायचं ठरलं. बाजारात तिच्या शेजारच्या बायका आता सरकायच्या त्या अंतर ठेवायला.

पुण्याहून तपासणीचं उत्तर आलं ते शेटे साहेब सांगायला आले. रोग जंतूंचाच होता. बजाबाईनं त्यांना एकच विचारलं, "साहेब, ती निवडलेली जगली असती का?"

साहेब खोटं बोलू शकले असते. ते म्हणाले, "काही जगली असती बाई. आणि त्यांच्या तळ्यात रोग गेलाच असता असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. जायची भीती मोठी होती, एवढंच."

वर आणखी एक गोष्ट उघडकीला आली. कोंडीबानं तळं मारायच्या आधीच कुणाला न सांगता घागरभर पिलं नेऊन आपल्या मळ्यातल्या विहिरीत सोडली होती. त्यातली बहुतेक पंधरवड्यात मेली. पण थोडी वाचली, आणि वर्षाअखेर हातभर झाली. कोंडीबा येणाऱ्या-जाणाऱ्याला विहिरीवर नेऊन दाखवायचा, "बगा, असल्यास्नी मारलं आमच्या बाईनं." मेलेल्यांची गोष्ट कुणी काढत नसे. बजाबाई एकदा त्या विहिरीवर गेली. काठावर बसून तिनं खाली बघितलं. हिरव्या पाण्यात एक कटला सावकाश वळला, त्याची पाठ उन्हात चमकली. ती किती वेळ बसली होती कुणास ठाऊक. घरी आल्यावर दोन दिवस अंथरुणावरून उठली नाही.

महिपती तिच्याशी बोलायचा. मीठ कमी आहे, पोराला बदली पाळी आलीय, छप्पर गळतंय, सगळं बोलायचा. माशांबद्दल बोलायचा नाही. पहाटे जाळं घेऊन सीनेवर जायचा, जे मिळेल ते तिच्या पाटीत ओतायचा आणि पाठ फिरवायचा. एकदा तिनंच विषय काढला. "तुमची इज्जत घालवली मी, ते खरं हाय. पन दुसरं काय करनार हुते?"

"मला इचारायचं हुतंस."

"इचारलं असतं तर?"

तो उठून बाहेर गेला.

पुढच्या उन्हाळ्यात बाजारात तिच्या ओट्यापुढं एक म्हातारी येऊन उभी राहिली. ईरम्माच होती. वाडीनं यंदा जिरं आणायचं ठरवलंय, म्हणाली. आमचं लहान तळंही खोदून झालंय.

"संगप्पा अजून तुज्या नावानं वराडतोय," म्हातारी म्हणाली. "पन मी त्याला म्हनलं, दुसऱ्याच्या तळ्यासाठी स्वताचं तळं मारलं तिनं. पिलं तिच्याच हातात द्यायची. येतीस का?"

"आक्का, माज्या हातानं समदी मेली."

"म्हनून तर."

बजाबाई नाही म्हणाली. म्हातारी निघून गेली. आषाढात मात्र बजाबाईनं लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि दुधनीची गाडी धरली. त्या वाडीत ती पावसाळाभर राहिली. जिरं सोडताना तिनं संगप्पाशी भांडून निम्मं परत पाठवलं. पेंड चिमटीनं मोजून टाकली. पिलं पेंडीला वर आली की ती तोंड फिरवायची. एकदा एका पिलाच्या शेपटीला पांढरी कड दिसली तेव्हा ती ते ओंजळीत धरून काठावरच बसली. संगप्पानं ते पिलू हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "अक्का, किड्यानं चावलंय. बग." खरंच तसं होतं. त्या दिवसापासून त्यानं ओरडायचं सोडलं, एवढंच.

पिलं जगली. बोटुकली झाली, मोठ्या तळ्यात गेली. वर्षानं संगप्पानं पहिल्या जाळ्यातला एक मोठा कटला ओल्या पोत्यात गुंडाळून गाडीनं तिच्याकडं पाठवला. तिनं तो स्वतः कापला, कालवण केलं. महिपतीनं विचारलं, "कुटला?" तिनं सांगितलं. त्यानं ताट पुढं ओढलं, भाकरी मोडली आणि चटणीशी खाल्ली. कालवणाला हात लावला नाही. बजाबाईनंही मग खाल्लं नाही. पोरगा कारखान्यातून आल्यावर त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी ते संपवलं.

गुडघे धरेपर्यंत ती दर पावसाळ्यात त्या वाडीला जात राहिली. गल्लीनं तिला शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि तिनंही कुणाला पटवून द्यायचा प्रयत्न केला नाही. कारण खरं काय झालं असतं हे तिलाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या वर्षी ती निघाली तेव्हा महिपती न सांगता उठला आणि तिचं गाठोडं खांद्यावर टाकून स्टेशनपर्यंत आला. वाटेत दोघं पावसाबद्दल बोलली, पोराच्या सोयरिकीबद्दल बोलली. गाडी आली. त्यानं गाठोडं खिडकीतून आत दिलं, जागा मिळाली का ते वाकून बघितलं, आणि गाडी हलेपर्यंत तिथंच उभा राहिला.